खालचा डावा कोपरा

नवरा कामावर गेल्यावर बाईंनी फोन मांडीवर घेतला, डाव्या अंगठ्याने खालचा डावा कोपरा दाबला, आणि टॉर्च लागला.

पुन्हा दाबला. टॉर्च विझला.

बाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. कालपर्यंत त्या कोपऱ्यात गडद हिरवा चौकोन होता, चौकोनात लेकीचा फोटो होता, आणि तो दाबला की पलीकडून लेक "बोल गं आई" म्हणायची. आज तिथे एक फिकट निळसर गोल होता. त्याच्या शेजारी तसाच दुसरा, वरच्या ओळीतही तसेच. सगळे एकाच बादलीतल्या निळीत बुचकळून वाळत घातलेले. खालच्या पट्टीवर तीन बटणं असायची. कुठेही भरकटलं तरी मधलं दाबलं की परत येता यायचं. तीही गेलेली. कुणा दीडशहाण्याने रातोरात हा उद्योग केला होता, आणि त्याला दोन शब्द सुनवायचे तर बाईंकडे शब्द एकच होता.

तो म्हणजे "हो".

एके काळी बाईंची जीभ म्हणजे नुसता पट्टा होता. सगळं आयुष्य त्यांनी औषधाच्या दुकानात काढलं. गिऱ्हाइकाची चिठ्ठी पुरती उघडायच्या आत त्यांचा हात खणाकडे गेलेला असायचा. नावं सगळी पाठ होती, पण हात चालायचा तो जागेवरून. हाताखालच्या माणसांपैकी कुणी खोका भलत्याच फळीवर ठेवला की बाई कडाडायच्या, "मेल्या, जागेवर ठेव!" दिवसातून इतक्यांदा, की दुकानाचे मालकसुद्धा चष्मा काढला की गुपचूप जागेवर ठेवायचे.

मग मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवा हात लुळा पडला, चालायला काठी लागली, अक्षरांच्या मुंग्या झाल्या, आणि एवढ्या मोठ्या शब्दांच्या दुकानात "हो" तेवढा शिल्लक राहिला. भूक लागली का? हो. मग जेवून झालंय का? हो. आत सगळं जिथल्या तिथे होतं. टोमणे, हिशेब, शिव्या, सगळं. दारापर्यंत येताना मात्र प्रत्येकाचा "हो" व्हायचा. डॉक्टर म्हणाले, रंग आणि जागा या ओळखतील, तिथून सुरुवात करा. म्हणून लेक दर सुट्टीला लांबून यायची आणि शेजारी बसून एकच गोष्ट शिकवायची. "आई, इथे. हिरवं दिसलं की मी." कितीदा चुकल्यावर तो कोपरा अंगठ्यात बसला, ते बाईंनाच ठाऊक. दिवसभर एकटं असताना कुणाला न विचारता त्यांना करता येण्यासारखी ती एकच गोष्ट होती. रात्रीत कुणीतरी ती उचलून नेली.

बाईंनी दात आवळून एकेक गोल दाबायला सुरुवात केली. कॅमेरा उघडला. हवामान उघडलं. मग कुणाचं तरी नाव दिसलं, घंटी वाजली, आणि एका पुरुषाचा आवाज आला.

"पाण्याचे जार पाठवायचेत का?"

"हो," बाई म्हणाल्या. त्यांना म्हणायचं होतं, चुकून लागला, ठेवा.

"दोन?"

"हो."

"की चार पाठवू?"

"हो."

"नेहमीच्याच पत्त्यावर ना?"

"हो!" बाई जिवाच्या आकांताने ओरडल्या. फोन गादीवर आपटला, आणि रागाने रडल्या. नुसतं रडू आलं असतं तर त्यांना इतकी शरम वाटली नसती.

संध्याकाळी नवरा आला तो दारातल्या जारांना अडखळूनच. तो वायरमन. घराघरांत तारा ओढण्यात त्याचे केस पिकले होते. माणूस मनाने वाईट नव्हता, पण हातात पक्कड असली की जगातलं सगळं आपल्याला दुरुस्त करता येतं अशी त्याची पक्की समजूत होती.

"हे एवढं पाणी कुणी मागवलं? आपल्याला काय तळं भरायचंय?"

बाईंनी फोन त्याच्यापुढे धरला. त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"अरेच्चा. हे सकाळचं दिसतंय. किती दिवस विचारत होतं, नवीन रूप हवंय का, नवीन रूप हवंय का. तुझा फोन चार्जिंगला लावताना म्हटलं कटकट नको, दाबून टाकलं. मला काय माहीत हे असं करतील!"

बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. दुकानात त्या नजरेने चांगले चांगले गार व्हायचे.

त्याने आपल्या फोनवरून लेकीला गाठलं आणि आवाज मोठा केला. ऐकून लेकीचा भडका उडाला.

"बाबा, न वाचता दाबलंतच कसं? तिने किती मेहनत घेतली होती! मला सारखं वाटत होतं, आज आईचा फोन कसा नाही."

"अगं, मला कशाला बोलतेस? त्या कंपनीवाल्यांना बोल!"

"तुम्हा दोघांनाही बोलते. आता सेटिंग्ज उघडा. डिस्प्लेमध्ये जा."

मग दोघांची झटापट सुरू झाली. आधी सेटिंग्जच सापडेना. तेही निळ्या गोलात दडून बसलं होतं. डिस्प्लेच्या पोटात थीम, थीमच्या पोटात रंग, आणि पार तळाशी "एकरंगी आयकॉन" नावाचा खटका निघाला. तो बंद केल्यावर रंग परतले. गोलांचे चौकोन करायची सोय भलत्याच पानावर होती. तीन बटणं तर "हावभाव" अशा नावाखाली पुरून ठेवलेली.

"हावभाव म्हणे! इथे नाटक बसवायचंय का?" नवरा गरजला. "यांना कुणी सांगितलं होतं हात लावायला? मी इतकी घरं केली, कधी कुणाचा स्विच न विचारता हलवला नाही. अंधारात माणसाचा हात जुन्या जागेवरच जातो. ती जागा घरातल्या माणसाची असते. वायरमनची नसते!"

ऐकता ऐकता बाईंची कानशिलं तापली. त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे, स्वयंपाकघराकडे गेली.

त्या दवाखान्यात असताना या माणसाने तिथलं सगळं बदललं होतं. वरच्या फळीवरचे, गॅसशेजारचे, खिडकीतले, पोचे आलेले, वेगवेगळ्या रंगांचे सगळे डबे काढून खोक्यात भरले. त्यांच्या जागी नवे कोरे पांढरे डबे आणले, सगळे एका मापाचे, आणि खाली एका रांगेत मांडून प्रत्येकावर ठळक अक्षरांत नाव चिकटवलं. जिला अक्षर लागत नव्हतं, तिच्यासाठी! "सोपं पडेल तुला, काय?" असं वर विचारलंही होतं, आणि बाईंच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. पुढे चहात मीठ पडलं, तेव्हा तोच समजुतीने म्हणाला, "राहू दे आता, तू स्वयंपाकघरात येऊच नकोस." आपल्याच घरात बाई पाहुण्या झाल्या. तेव्हापासून तो राग पोटात शिजत होता.

"झालं!" नवरा म्हणाला. "आता फोटो मधोमध घेतो, चांगला मोठा करून. सोपं पडेल."

बाईंनी त्याच्या मनगटावर फटका मारला.

"बाबा," लेक म्हणाली, "होता तिथेच ठेवा. आणि खाली 'मांडणी लॉक करा' असेल, तेही दाबा. म्हणजे पुन्हा कुणी हलवायला नको."

त्याने कुरकुरत तसं केलं आणि आपला फोन बंद केला. बाईंनी स्वतःचा फोन घेतला. खालचा डावा कोपरा. हिरवा चौकोन. पलीकडे लेकीचा चेहरा उमटला.

"बोल गं आई. झालं ना मनासारखं?"

"हो," बाई म्हणाल्या. ते अर्धंच खरं होतं.

नवरा खुशीत उठला. "चहा टाकतो." बाई काठी बाजूला सारून, भिंतीला खांदा लावत त्याच्या मागोमाग गेल्या. फोन त्यांनी ओट्यावर टेकवून ठेवला. त्यातून लेक पाहत होती. नवरा खाली बसून रांगेतल्या डब्यांवरची नावं वाचत होता. चष्मा बाहेर राहिल्यामुळे त्यालाही साखर सापडत नव्हती. त्याने दोन झाकणं उघडून हुंगली.

बाई ओट्याखाली वाकल्या. जुन्या डब्यांचं खोकं अजून तिथेच होतं. टाकायचा त्याला कंटाळा आला होता. त्यांनी डाव्या हाताने निळा, पोचा आलेला मिठाचा डबा ओढून काढला आणि ओट्यावर खाडकन आपटला. मग गॅसशेजारच्या रिकाम्या फळीकडे बोट केलं.

"अगं, तो कशाला काढलास? फुटका आहे तो. हे नवीन किती सोपं आहे," म्हणत नवऱ्याने डबा उचलला आणि परत खोक्यात टाकायला वाकला.

"मेल्या, जागेवर ठेव!"

नवरा तसाच वाकलेला राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात बाईंनी त्याला "अहो"च्या खाली कधी उतरवलं नव्हतं.

"बाबा," फोनमधून लेकीचा आवाज आला, "आत्ता कोण बोललं?"

"तुझी आई," तो म्हणाला. "मला मेल्या म्हणाली." आणि डोळे पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

बाईंना हे कौतुक नको होतं. त्यांचं बोट फळीवरून हललं नव्हतं. त्याने डबा तिथे ठेवला. बाईंनी तो वीतभर आत सरकवला, जिथे तो होता तिथे. पुढचं वाक्यही तोंडाशी आलं होतं, याहून कडक. पण ते वाटेतच कुठेतरी विरघळलं, आणि त्याचाही त्यांना संताप आला.

नवऱ्याने खोकं ओढून पुढे घेतलं आणि त्यातून लाल डबा काढला.

"हा साखरेचा ना? हा तिकडे वर असायचा, बरोबर?"

"हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांचं बोट खिडकीकडे गेलं.

त्याने या वेळी बोट पाहिलं, आणि डबा खिडकीत ठेवला.