नितळ गाल

बायडाबाईनं पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि सुनेच्या गालावरची पावडर खसाखसा पुसून काढली. खालच्या पुटकुळ्या उजेडात आल्या. नाकाच्या दोन्ही बाजूंना, कपाळावर, हनुवटीवर. काही लाल, काही पिवळ्या तोंडाच्या. राजेश्वरी ओट्याच्या कडेला बसून होती. दुखलं तरी तिनं मान मागं घेतली नाही.

"तुझ्या बापानं दुसरं काय दिलं व्हतं? एक तोंड तेवढं बरं दिलं व्हतं," बायडाबाई म्हणाली. "त्याचंबी भाजलेलं वांगं करून घेतलंस."

पावडरीनं काही झाकलं जात नव्हतं, उलट जखमेवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसत होतं. आणि राहुरीचे पाहुणे तिच्या लेकीला, अश्विनीला बघायला अठरा दिवसांनी यायचे होते.

पाथर्डीकडच्या या गावांत मुलगी बघायला आलेल्या बायका मुलीला फार वेळ बघत नाहीत. मुलगी त्या दिवशी नटलेलीच असते. त्या बघतात तिच्या आईला. चहाचा ट्रे धरताना हात थरथरतो का, दात किती उरलेत, चालताना धाप लागते का, कातडीवर काय उमटलंय. वीस वर्षांनी आपल्या घरात कोण वावरणार, ते त्यांना तिथं दिसतं. आपल्या मुलाच्या, रामहरीच्या लग्नाच्या वेळी बायडाबाईनं स्वतः दोन पोरी नाकारल्या होत्या. एकीच्या आईच्या गळ्यावर गाठ होती आणि दुसरीची आई पायऱ्या चढताना मध्येच थांबली होती.

राजेश्वरीला दमा आहे, असं गावाला सांगितलं होतं. खरं दुखणं फुफ्फुसातल्या कॅन्सरचं होतं आणि ते घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं: ती स्वतः, नवरा रामहरी आणि सासू. नगरला कॉलेजच्या होस्टेलवर राहणाऱ्या अश्विनीलाही कुणी कळू दिलं नव्हतं. आईला असला रोग असलेली पोरगी कोण नेणार?

नगरच्या डॉक्टरांनी तपासणीचे कागद पुढं ठेवून रामहरीला सगळं समजावलं होतं आणि रामहरीनं घरी येऊन आईला. पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं, त्याचं काम एकच, वाढ म्हणून आत निरोप धाडायचा. राजेश्वरीच्या गाठीत ते बिघडलंय, निरोप थांबतच नाही. विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर चिकटला की लाल बटण कितीही दाबा, मोटर बंद होत नाही, तसं. गोळीतलं औषध इतकं बारीक की ते नेमकं त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतं आणि निरोप तिथंच तुटतो. ते प्रथिन कातडीतही असतं, म्हणून या पुटकुळ्या. त्या आल्या म्हणजे औषध अंगी लागतंय समजा, घाबरू नका, पण गोळी एक दिवसही चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आणि औषध लागलंही होतं. पावसाळ्यात चार पावलांत बसकण मारणारी राजेश्वरी दिवाळीनंतर दोन्ही म्हशींची धार काढायला लागली होती. बायडाबाईनं हे डोळ्यांनी बघितलं होतं. तिला समजलं नव्हतं, असं कुणी म्हणू नये.

"पाहुनं येऊन जाईस्तवर गोळी बंद," ती म्हणाली.

"डॉक्टर न्हाई म्हनलेत, आत्याबाई."

"डॉक्टर येनार हाय का चहा घिऊन? अठरा दिस काढ. मागनं खा दिवसाला दोन."

राजेश्वरी जागची हलली नाही, तेव्हा बायडाबाई स्वतःच उठली. फडताळातला गोळ्यांचा डबा तिनं आपल्या पेटीत टाकला आणि किल्ली कमरेला खोचली. वर हेही ऐकवलं की रामहरीच्या कानावर गेलं तर पोरीचं लग्न आईनं आपल्या हातानं मोडल्यासारखं होईल, मग जगून तरी कुणाला तोंड दाखवणार आहेस.

रामहरी गाळपाच्या हंगामात कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, आठ दिवसांनी एकदा घरी यायचा. त्या रविवारी तो आला, जेवला, गेला. राजेश्वरी त्याला काही बोलली नाही. बायडाबाईला तो आपल्या जरबेचा प्रताप वाटला.

रोज सकाळी ती सुनेला दारात उभी करायची आणि हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची. सहाव्या दिवशी पिवळी तोंडं सुकली. बाराव्या दिवशी खपल्या गळाल्या. मग ती दुधाची साय आणून स्वतःच्या हातानं सुनेच्या गालावर चोळायला लागली. पुढच्या खेपेला आलेल्या रामहरीला ती सायीचीच करामत वाटली. आई हिचं एवढं करते, हे बघून तो सुखावला.

चौदाव्या दिवशी धार काढताना राजेश्वरीला ठसका लागला. बादली कलंडली.

"कडब्याची धूळ," बायडाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कडबा काढलाच नव्हता, तरी धूळच होती.

पाहुणे आले त्या दिवशी अश्विनीनं खुर्चीवर बसून नाव, गाव, शिक्षण सांगितलं. मुलाचे वडील काकासाहेब रामहरीशी उसाच्या भावावर बोलत बसले. मुलाची आई ज्योतीबाई वाट बघत होती ती ट्रे घेऊन येणाऱ्या बाईची. तिनं राजेश्वरीला शेजारी बसवून घेतलं, बोलता बोलता तिचा हात हातात घेतला, नखं बघितली, मग नजर चेहऱ्यावर नेली ती तिथंच ठेवली.

"काय लावता वो तोंडाला? चाळिशी उलटली असं वाटत न्हाई. आमच्याकडं पोरींचीबी अशी कातडी न्हाई ऱ्हात."

राजेश्वरी हसली. छातीतून वर आलेली उबळ तिनं ओठ मिटून धरली होती, त्यामुळं बोलणं शक्य नव्हतं. साखर आणते अशी खूण करून ती आत गेली आणि तोंडात पदर कोंबून चुलीपाशी वाकली. बाहेर बायडाबाईनं आवाज चढवला. आपल्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं आणि गावात बाकी कुणाला कसं लागलं नाही, हे ती आतला आवाज थांबेपर्यंत सांगत राहिली.

सुपारी त्याच बैठकीत फुटली. लग्न वैशाखात धरलं.

पाहुण्यांची गाडी वेशीबाहेर पडली तशी बायडाबाईनं पेटी उघडली आणि डबा सुनेच्या ओच्यात टाकला.

"घे. मी काय तुझ्या जिवावर उठले न्हाई."

त्यानंतरही ती रोज सकाळी तेच तोंड उजेडाकडे वळवत राहिली, पण आता ती पुटकुळी शोधत होती. आठ दिवस झाले, दहा झाले. एकदा नाकाशेजारी लाल ठिपका दिसला, तेव्हा तिनं दिवसभर सुनेला एकही टोमणा मारला नाही. दुसऱ्या दिवशी तो नव्हता. डास चावला असणार. धार आता शेजारची बाई काढत होती.

तिसऱ्या आठवड्यात तिनं गालावरून अंगठा फिरवला आणि तो तिथंच थांबवला. गाल लोण्यासारखा होता.

"गोळी घेतीस ना?"

"न्हाई."

आमटीत मीठ टाकलंय का विचारल्यावर सांगावं, तसं राजेश्वरीनं सांगितलं. मग थांबून, दम घेऊन ती बोलली.

"बस्त्याला त्याच बाया येनार. मग साखरपुडा, मग हळद. दर खेपेला हे तोंड कुठं लपवनार? आदी पोरगी उजवू."

"वैशाखाला अडीच म्हैनं हायेत."

"व्हय. मलाबी मोजता येतं."

बायडाबाईनं गालावरचा अंगठा काढून घेतला.

"मी सांगते रामहरीला."

"सांगा. डबा कुनाच्या पेटीत व्हता, तेबी सांगा. सोयरीक मोडली की पोरीला तुमीच समजवा."

रस्त्यावर ट्रॅक्टर थांबला. रामहरी आत आला, बायकोकडे बघून दारातच उभा राहिला.

"खोकला परत लागला व्हय गं?"

राजेश्वरीला ठसका लागला होता. बायडाबाईनं थंडी फार पडलीय म्हणून सांगितलं. रामहरीनं चपला काढल्या, डोक्याचं उपरणं सोडलं.

"आई, उद्या नगरला चाललोय. हिच्या गोळ्या संपत आल्या असतील. आनू का?"

ठसका सरला. राजेश्वरीनं डोळे पुसले आणि सासूकडे बघितलं.

"पुरतील," बायडाबाई म्हणाली.

आणि मुलाला पाणी द्यायला, सुनेला हाक न मारता, ती स्वतः उठली.