लिटरला अकरा

गुरुवारी संध्याकाळी मास्तरांचा नवा चष्मा आणायला त्यांची मुलगी त्यांना आपल्या गाडीतून घेऊन निघाली, आणि पहिल्याच चौकात मास्तरांनी उजवा पाय पायाखालच्या मॅटमध्ये रुतवला. मॅटखाली ब्रेक नव्हता. तो त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत होता, शिकवणाऱ्याच्या पायाशी बसवलेला. बत्तीस वर्षं तो दाबून दाबून त्यांच्या पायाला अशी खोड लागली होती, की सिनेमात पडद्यावरची गाडी वळली तरी पुढच्या खुर्चीला लाथ बसायची. मुलीच्या गाडीतल्या मॅटला तर त्या जागी चांगला वाटीएवढा खळगा पडला होता.

"पुढचा सिग्नल लाल आहे," मास्तर म्हणाले.

"दिसतोय."

"मग त्याला भेटायला एवढी घाई कशाला? तो काय मामा लागतो तुझा?"

उत्तरादाखल तिने अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन खेकसलं, गाडी उसळली, एक टेम्पो मागे पडला, सायकलला लांबलचक शिडी बांधून चाललेला एक माणूस मागे पडला, आणि सिग्नलपाशी तिने करकचून ब्रेक मारला. मास्तर पुढे झुकून परत जागेवर आले. थोड्या वेळाने शिडीवाला शांतपणे शेजारी येऊन थांबला आणि त्याने एक पाय जमिनीला टेकवला.

"आला तुझा पाहुणा," मास्तर म्हणाले. "त्याला विचार, किती पेट्रोल जाळलंस म्हणून."

पुढच्या दोन्ही सिग्नलला हेच झालं. तिसऱ्या वेळी तर शिडीवाल्याने ओळखीचं हसून मान हलवली आणि मास्तरांनीही काच खाली करून त्याला नमस्कार केला.

"आधी पेट्रोल जाळून वेग कमवायचा, आणि पन्नास पावलांवर तोच वेग ब्रेकला घासून हवेत सोडून द्यायचा. हौद भरत बसायचं आणि बूच काढून ठेवायचं, अशातली गत. लांबवर लाल दिसला की पाय उचल. गाडी आपली आपण जाते. तिला ढकलावं लागत नाही आणि ओढावंही लागत नाही. पण सांगतोय कुणाला? पालथ्या घड्यावर पाणी." मास्तरांनी दम घेतला. "किती देते सध्या?"

"अकरा."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "लिटरला अकरा. माझी अठरा देते. तीच कंपनी, तेच मॉडेल, तेच रस्ते. ट्रॅक्टरने मान खाली घालावी असा आकडा आहे हा."

आता खरं काय ते सांगून टाकायला हवं. तिची गाडी अकरा देत नव्हती. साडेसतरा देत होती. एकटी असली की ती मास्तरांनी शिकवलं होतं तशीच चालवायची: लांबचा सिग्नल बघून पाय उचलायची, गिअर वेळेवर बदलायची, पुढच्या गाडीच्या पाठीला चिकटायची नाही. ब्रेकची तिला दिवसातून मोजकी आठवण व्हायची. हे धसमुसळेपण होतं ते फक्त मास्तर शेजारी बसले की.

त्याचं कारण असं, की मास्तर घरी बोलत नसत. दिवसभर शिकाऊ लोकांपाशी बोलून बोलून घसा झिजलेला, घरी आले की तोंडात मिठाची गुळणी. आई म्हणायची, "हा माणूस दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन चहाची." सहा वर्षांपूर्वी मुलीने गाडी घेतली आणि पहिल्यांदा त्यांना फिरवायला नेलं. इतकी सुरेख चालवली, की तासभर ते खिडकीबाहेर बघत बसले आणि घरी आल्यावर म्हणाले, "ठीक." पुढच्या खेपेला तिला उशीर झाला होता. तिने गाडी पिटाळली, दोनदा दणकून ब्रेक मारला, आणि मास्तर जे सुरू झाले ते चाळीस मिनिटं थांबले नाहीत. ब्रेकवरून गाडी इंजिनावर आली, इंजिनावरून ते ज्यांच्या ट्रकवर क्लीनर होते त्या काकांवर, काकांवरून एका घाटावर, आणि घाटावरून थेट आईवर. आईला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते बंद पडलेल्या बसला धक्का मारणाऱ्यांच्या घोळक्यात, हे तिला तिसाव्या वर्षी, सिग्नल तोडता तोडता, कळलं.

तेव्हापासून तिने हे सोंग धरलं होतं. अकराचा आकडाही तिचाच, मनाने सांगितलेला. एकदा सांगितला आणि तो काळ्या दगडावरची रेघ होऊन बसला.

नवा चष्मा नाकावर चढवून मास्तर परत गाडीत बसले तेव्हा त्यांना सगळंच फार स्पष्ट दिसत असावं. अर्ध्या वाटेवर ते म्हणाले, "असं कर. शनिवारी येऊन माझी गाडी घेऊन जा. आजच टाकी फुल केली आहे, मीटर शून्यावर आणलं आहे. टाकी संपेपर्यंत तू चालव. गाडी माझी, पाय तुझा. मग आकडा काढू. आकडा खोटं बोलत नाही."

"आणि अकराच आला तर?"

"तर मी स्कूल बंद करतो आणि शिडी विकत घेतो."

ती हसली. मग मनातल्या मनात चपापली. आकडा अकरा येणार नव्हता. म्हणजे सोंग आता उतरवायलाच हवं होतं. आकड्याने सांगण्याआधी आपण सांगितलेलं बरं. शनिवारी गाडी न्यायला गेलो की चहा पिता पिता सांगून टाकू, असं तिने ठरवलं. त्यांचा चेहरा कसा होईल हेही तिने रचून पाहिलं.

घरापाशी तिने सवयीने शेवटचा एक ब्रेक मारला. मास्तर उतरले, वाकून खाली बघितलं आणि म्हणाले, "ही मॅट बदल. एक दिवस माझा पाय रस्त्याला लागेल."

शुक्रवारी सकाळी ते बूट घालायला स्टुलावर बसले. एका बुटाची नाडी बांधून झाली होती.

पुढचे काही दिवस समाचाराला येणाऱ्यांच्या चपला घरात मावत नव्हत्या. बत्तीस वर्षांत मास्तरांनी निम्म्या शहराला गाडी शिकवली असावी. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर आला, दंतवैद्य आल्या, रुग्णवाहिका चालवणारे दोघे भाऊ आले. सगळे खुर्चीच्या टोकावर बसायचे, मास्तरांची शिस्त सांगायचे, आणि मग मुलीकडे जरा वेगळ्याच नजरेने बघायचे. आपल्याला आधीपासून ओळखत असल्यासारखे हे का बघतात, ते तिला कळेना.

कळलं ते चौथ्या दिवशी. मास्तरांच्या हाताखाली पाच वर्षं शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. मास्तरांनीच शिकवलेल्या, आधी बेकरीची व्हॅन चालवायच्या. स्कूलमध्ये सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. त्यांच्याबरोबर नुकतंच लायसन मिळालेला एक टक्कल पडलेला गृहस्थ होता. तो डोळे पुसत म्हणाला, "किती सांभाळून घ्यायचे हो. मी चौदा वेळा लेक लावली, पण एकदासुद्धा आवाज चढवला नाही."

"काय लावली?" मुलीने विचारलं.

गृहस्थ मास्तरीणबाईंकडे बघू लागला. मास्तरीणबाई पाण्याच्या ग्लासाकडे बघू लागल्या.

"आमच्याकडचा शब्द आहे तो, ताई," शेवटी त्या म्हणाल्या. "आपण करकचून ब्रेक लावतो ना, उगाच पळवून मग? त्याला मास्तर ब्रेक लावणं म्हणायचे नाहीत. म्हणायचे, हा ब्रेक नाही, ही माझी लेक. मग पोरंही तसंच म्हणायला लागली. 'मास्तर, आज दोनच लेकी लावल्या.' 'पुढे ट्रक आहे, लेक लागेल हं.' वाईट मनाने नाही हो कुणी."

"आणि अकरा?"

"ते तर भिंतीवर लिहिलंय," मास्तरीणबाई आणखी हळू आवाजात म्हणाल्या. "'घाई कराल तर अकरा, धीर धराल तर अठरा.' खाली गाडीचं चित्र आहे. आत वेणी घातलेली मुलगी आहे."

गृहस्थाला ठसका लागला. तिलाही हसू आलं, आणि सगळे हसतायत म्हटल्यावर आईसुद्धा पदराआड हसली. मंडळी गेल्यावर मात्र मुलीने रिकामे ग्लास गोळा करताना एकच ग्लास तीनदा धुतला. दिव्याखाली अंधार, असं बत्तीस वर्षं नावाजलेल्या माणसाने आपल्या मुलीबद्दल मानलं, भिंतीवर लिहिलं, आणि तेच मनात घेऊन तो गेला. सांगायला एक शनिवार कमी पडला होता.

"आई, बाबांना खरंच वाटायचं का गं, माझी गाडी अकरा देते?"

आई ओट्यावरचं पाणी पुसत होती. "मला काय कळतंय त्यातलं? गुरुवारी आले ते पोटरी चोळत बसले होते. 'अकरा म्हणते,' म्हणाले आणि हसले."

"कसे हसले?"

"हसतात तसे. आता त्याला का प्रकार असतात?" आईने फडकं पिळलं. "स्कूल आता मास्तरीणबाईने चालवावं असं मी तिला सांगितलंय. दोन्ही गाड्या तिलाच द्यायच्या. तुझ्या बाबांची तेवढी टाकी संपेपर्यंत तू ने. त्यांनी तुझ्यासाठी भरली होती ना."

म्हणून तिने ती गाडी नेली. तीन आठवडे ती मास्तरांच्या पेट्रोलवर ऑफिसला गेली, बाजारात गेली, आईला बँकेत घेऊन गेली. गाडीच्या पुढे-मागे 'शिकाऊ' अशी लाल पाटी होती आणि ती काढायचा तिला धीर होईना. त्यामुळे छत्तीस वर्षांची, केसांत दोन रुपेरी तारा असलेली बाई रस्त्याने निघाली की मागचे हॉर्न वाजवायचे, शेजारचे काच खाली करून "जमेल, जमेल" म्हणायचे, आणि एका आजोबांनी तर सिग्नलला थांबल्यावर क्लच कसा सोडायचा ते दोन्ही हातांनी करून दाखवलं. तिने आभार मानले आणि त्यांनी सांगितलं तसा सोडला.

पेट्रोल संपू नये म्हणून ती जे जे करत होती ते सगळं मास्तरांनीच शिकवलेलं होतं. चाकातली हवा तपासली. डिकीतलं नको ते सामान उतरवलं. चढ दिसला की आधीच बेताचा वेग धरला, उतारावर गिअरमध्येच ठेवून पाय उचलला. मागून कुणी अंगावर आलं तर त्याला पुढे जाऊ दिलं, आणि पुढच्या सिग्नलला तो भेटला तेव्हा त्याच्याकडे बघितलंही नाही. काटा मुंगीच्या पावलांनी खाली येत होता. शेजारची सीट रिकामी होती, आणि गाडीत इतकी शांतता असायची, की दूरच्या लाल दिव्याकडे घरंगळत जाताना टायरांखालची खडी ऐकू यायची. चांगली चालवली की असंच होतं, हे तिला सहा वर्षांपासून ठाऊक होतं.

पेट्रोल संपत आल्याचा लाल दिवा लागला त्या शनिवारी तिने मास्तरीणबाईंना बोलावून घेतलं. ठरलं असं, की पंपावर टाकी भरायची, आकडा काढायचा, आणि तिथून स्कूलवर जाऊन किल्ली द्यायची. मास्तरीणबाई शेजारच्या सीटवर बसल्या, पट्टा ओढला आणि उजवा पाय दुसऱ्या ब्रेकवर अलगद ठेवून तयार राहिल्या. त्यांना कोण शेजारी चालवतंय हे ठाऊक होतं.

पंपावरच्या मुलीने टाकी काठोकाठ भरली. तीस लिटर बसलं. मीटरवर पाचशे सदतीस किलोमीटर होते. मास्तरीणबाईंनी फोनवर भागाकार केला, पुसला, परत केला.

"तुमचं काहीतरी चुकतंय, ताई. सतरा पॉइंट नऊ येतंय."

"मधे उतार बरेच होते," ती म्हणाली. मास्तर असते तर हेच म्हणाले असते.

पंपापासून स्कूलपर्यंत सहा सिग्नल होते. पहिला लांबून लाल दिसला, तिने पाय उचलला, गाडी आपली आपण पोहोचेतो तो हिरवा झाला. दुसऱ्याला तसंच. तिसऱ्याला थांबावं लागलं, पण गाडी थांबली ती झोपलेल्या मुलाला गादीवर ठेवावं तशी. मास्तरीणबाई आधी रस्त्याकडे बघत होत्या. मग तिच्या पायाकडे बघू लागल्या. पाचव्या सिग्नलला त्यांनी आपला पाय दुसऱ्या ब्रेकवरून काढून घेतला.

"मुंग्या आल्या पायाला," त्या म्हणाल्या. "हे तर मास्तरांचं चालवणं आहे. असं कधीपासून येतं तुम्हाला?"

सवयीने तिच्या जिभेवर काहीतरी गमतीचं आलं. स्कूलची भिंत समोर दिसत होती. गाडी, आत वेणीवाली मुलगी, अकरा. तिने गाडी भिंतीलगत घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली हातातच ठेवली.

"पहिल्यापासून," ती म्हणाली. "मी एकटी असले की अशीच चालवते. अकरा कधीच नव्हता."

"मग त्यांच्यासमोर का असं?"

तिने मास्तरीणबाईंकडे पाहिलं नाही. त्यांच्या पायाशी, गुळगुळीत झालेल्या त्या दुसऱ्या ब्रेककडे पाहिलं.

"बाबांनी माझ्याशी बोलावं," ती म्हणाली, "म्हणून मी ब्रेक मारायचे."