निघण्याआधीचा खोकला

गाठ बोटभरही नव्हती, पण सुटत नव्हती. अकरा कुत्र्यांच्या अकरा दोऱ्या — धावताना कुत्री एकमेकांच्या आडून जागा बदलत राहतात आणि त्यांच्यामागे दोऱ्यांची वेणी पडत जाते. ती मुक्कामाला सोडवायची, पुन्हा पडू द्यायची, पुन्हा सोडवायची — आणि ही शेवटची वेणी बाबांनी सोडवलीच नव्हती. त्या दिवशी गोठलेल्या समुद्रावरून परतले, कुत्र्यांच्या स्लेजगाडीवरच जरा आडवे झाले, ते पुन्हा उठलेच नाहीत... तुकुम्मेकने हातमोजा दातांनी ओढून काढला. उघड्या बोटांना दोरी चिकटली. गाठीत एक पांढरा केस अडकला होता. कुत्र्याचा असणार. अर्थात कुत्र्याचाच.

"गाठीशी गप्पा मारतेस का गं?" गिदियोनकाका म्हणाला. बाबांचा धाकटा भाऊ. "तुमच्या त्या नूक शहरात सुऱ्या मिळत नाहीत वाटतं?"

"कापायची नाही, काका."

"मग बस. बर्फ वितळलं की सुटेल आपोआप."

तो हसला, मग हसू चेहऱ्यावर तसंच विसरून कुत्र्यांकडे बघत राहिला. त्याने दोनदा ती हाकून पाहिली होती. दोन्ही वेळा किनाऱ्याजवळच्या बर्फातल्या भेगेपर्यंत गेली, वळली, आणि बाबांच्या दारासमोर येऊन बसली. यंदा वॉलरस कमी मिळाले होते. न ओढणाऱ्या कुत्र्यांना मांस घालणं इथे कुणालाच परवडत नाही. पलीकडच्या वस्तीतला आविके आज त्यांना बघायला आला होता. ओढली तर घेऊन जाणार. नाही ओढली तर... काकाची बंदूक भिंतीला टेकून उभी होती. त्याने ती लपवली नव्हती. लपवण्यासारखं त्यात आहे काय, मीही इथेच वाढले — असं ती सकाळपासून स्वतःला सांगत होती, आणि तरी पाय एका जागी ठरत नव्हते. घरात जायचं, चहा ओतायचा, तो तसाच ठेवून बाहेर यायचं, किनाऱ्यापर्यंत जायचं, पुन्हा घर. उद्याचं विमान. बॅग भरून झालेली. मग काय राहिलंय?

गाठ सुटली. तिला बरं वाटलं नाही.

"आता तू बस गाडीवर," काका म्हणाला. "तुझा आवाज तरी त्याच घरातला."

ती बसली. पुढे पंख्यासारख्या पसरलेल्या दोऱ्या, आणि मधोमध म्होरकी कुत्री सिउत — सिउत म्हणजे कान. लहानपणीच हिचा अर्धा कान भांडणात तुटला, म्हणून बाबांनी थट्टेने ठेवलेलं नाव. तुकुम्मेकने निघायचा शब्द उच्चारला. बाबांचाच शब्द, बाबांच्याच सुरात. सिउतने मान वळवून पाहिलं — वाक्य अर्धवट टाकून गप्प झालेल्या माणसाकडे बघावं, तसं. ती पुन्हा म्हणाली. मोठ्याने.

"शब्द बरोबर आहे, बाई," आविके सिगारेट पेटवत म्हणाला. "पण तो त्यांच्या गावीही दिसत नाही."

काका हसला नाही. भिंतीकडे एक पाऊल सरकला.

तेव्हा तो धूर तिच्या घशात गेला, की थंडी गेली... ती खोकली. कोरडं, दोनदा, दुसरा जरा खोल.

अकराच्या अकरा उठून उभी राहिली.

शब्दाआधीच. बाबाही निघताना आधी असंच खोकायचे. म्हणजे शब्द कधीच नव्हता — साऱ्या वस्तीला वाटायचं शब्द, बाबांनाही वाटत असणार शब्द, आणि कुत्र्यांना मात्र... आणि मला? पहाटे पडद्याआडून तो खोकला यायचा, मग माझं नाव यायचं, आणि नाव येईपर्यंत माझे पाय बुटांत गेलेले असायचे. फोनवरही आधी खोकला. मी 'हं, बाबा' म्हणायची ती त्यालाच. मी तरी नावाने कधी उठले होते?

दोऱ्या ताणल्या. गाडी हिसका देऊन सुटली.

"चालली की!" मागून आविके ओरडला.

"चालली खरी! पण लेका, तुला असं खोकायला शिकवणार कोण?"

त्यांचं हसणं ऐकू आलं, बारीक झालं, थांबलं. भेग आली आणि गेली. कुत्री वळली नाहीत. दोऱ्यांची वेणी पुन्हा पडायला लागली होती, पहिला पेड, दुसरा... ही कोण सोडवणार? आविके? उद्या सकाळी तो या गाडीवर बसेल, शब्द नेमका उच्चारेल, आणि ही अकरा तोंडं अशीच मागे वळून... आणि मी विमानात, खिडकीशी, घसा मोकळा करायलासुद्धा घाबरत.

समुद्रात गोठून बसलेला हिमनग जवळ येत होता. तिथून परत फिरायचं. सिउतने धावता धावता मान वळवली, अर्धा कान टवकारला, वळायच्या शब्दाआधीच्या खोकल्याची वाट पाहिली.

तिने ओठ घट्ट मिटून घेतले. घशात खवखवत होतं. थंडी आहे, ती मनाशी म्हणाली, नुसती थंडी — आणि हिमनग बाजूने मागे सरकत गेला तरी आपल्याला खोकता येत नाही, की ही गाडी वळवायचीच नाही, हे तिचं तिलाच कळेना.