दहा मिनिटांची सुट्टी

कंपनीच्या व्यसनमुक्ती वर्गाला सहा आठवडे जाऊन वेल्डरने सिगारेट सोडली. नोटीस बोर्डावर त्याच्या फोटोसकट अभिनंदनाचा कागद लागला. दुसऱ्याच दिवशी अकरा वाजता तो सगळ्यांबरोबर शेडबाहेर निघाला, तर सुपरवायझर आडवा आला.

"तू कुठे? ही सुट्टी ओढणाऱ्यांची. तू तर सोडलीस ना?"

वेल्डरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे छाती जाळली तरच पाठ टेकायची? वीस वर्षं धूर काढला तेव्हा लाडका होतो, आता शहाणा झालो तर शिक्षा?"

"नियम आहे बाबा."

वेल्डर तरातरा बोर्डापाशी गेला. त्याने तो कागद उपटला, त्याची बारीक सुरळी करून ओठांत धरली आणि सुपरवायझरच्या नाकासमोरून बाहेर जाऊन बसला.