आधी शोधा, मग विचारा

शिलाईच्या प्रश्नोत्तरांच्या त्या साइटवर वर्षानुवर्षं उत्तरं दिली, तेव्हा कुठे हिला देखरेखीचे अधिकार मिळाले. आता हिला प्रश्न बंद करता येणार होते, खाती गोठवता येणार होती. गिऱ्हाइकाचा कोट अर्धवट टाकून ही आपल्या शिलाईच्या दुकानातच फोन घेऊन बसली. छडी हातात आली की कुणावर तरी उगारावीशी वाटतेच.

पहिलीच तक्रार होती एका प्रश्नाची: ‘बाही जोडताना खांद्यावर चुण्या पडतात. काय करू?’ कुणी बाई हेच पुन्हा पुन्हा विचारत होती, लोक वैतागले होते. नाव न बघता हिने तयार शेरा ठोकला, ‘आधी शोधा, मग विचारा’, आणि प्रश्न बंद केला. मग नाव वाचलं. ते खातं हिनेच उघडून दिलं होतं, थोरल्या बहिणीला. हिला बाही जोडायला शिकवणाऱ्या ताईला.

आजारपणानंतर ताईचं बाहेर जाणं सुटलं होतं. चार माणसांशी बोलायला तिला हीच जागा उरली होती. ती विसरायला लागली होती, पण शिलाईसुद्धा विसरेल हे हिच्या ध्यानीमनी नव्हतं.

ही उठली, इस्त्री बंद केली, परत चालू केली. तेवढ्यात एका जुन्या सभासदाचा निरोप आला, “खातंही गोठवा. थट्टा लावलीय बाईने.” गोठवावं तर ताई एकटी पडणार. न गोठवावं तर पहिल्याच दिवशी घरच्यांना झुकतं माप. बसवेना, उभं राहवेना. शेवटी ताईलाच फोन लावला.

“काय करतेयस गं?”

“बसलेय. बाहीचं विचारलं तर तोंडावर दार आपटलं कुणीतरी. लुडबुड म्हणून कोण आहे. नाव शोभतं हो तिला!”

मशीनपाशी घुटमळणाऱ्या धाकटीला ‘लुडबुड’ हे नाव ताईनेच ठेवलं होतं; साइटवर हिने तेच घेतलं होतं. “नंतर करते,” म्हणून हिने फोन ठेवला आणि डोळे पुसले.

मग प्रश्न पुन्हा उघडला. त्या सभासदाला खाजगीत कळवलं, “ती माझी बहीण आहे. तिला आठवत नाही. गोठवायचं तर माझं गोठवा.” आणि उत्तर लिहायला घेतलं: बाहीच्या माथ्यावर सैल धावदोरा घाला. टाचण्या खांद्याकडून लावत या. कापड ओढू नका, त्याची समजूत काढा. शेवटचं वाक्य शब्दन्‌शब्द ताईचं होतं.

थोड्या वेळाने खाली ताईचा प्रश्न आला. “फार छान समजावलंत. कुणाकडे शिकलात?”

‘तुझ्याकडेच’ असं हिने लिहिलं, खोडलं. मग लिहिलं, “थोरल्या बहिणीकडे.”

“नशीबवान आहात,” ताईने लिहिलं. “भेटत जा तिला.”

हिने इस्त्री बंद केली, कोट तसाच ठेवला आणि दुकानाला कुलूप घातलं.