ओरडणाऱ्या स्क्रिप्टचं तोंड

मी एक बिल्ड स्क्रिप्ट बोलतेय. बोलतेय कसली, ओरडतेय! माझं कामच ते.

प्रोग्रामर लोकांनी लिहिलेल्या सुट्या फाइली गोळा करायच्या आणि त्यांचं एक चालणारं सॉफ्टवेअर बांधायचं. दिलेल्या पत्त्यावर फाइल नसली, की बोंब ठोकून तिथंच थांबायचं. मला आमच्या ऑफिसातल्या प्रोग्रामर ताईनं लिहिलं. विंडोजच्या कॉम्प्युटरवर फाइलीच्या पत्त्यातल्या रेघा एकीकडे कलतात, लिनक्सच्या कॉम्प्युटरवर दुसरीकडे. त्या जुळवून घ्यायला तिनंच शिकवलं. ती म्हणायची, "काही चुकलं तर दडवू नकोस बाई, मोठ्यानं सांग."

आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यात, खाटेशेजारच्या मशीनमध्ये चालतं. पेशंटचा ऑक्सिजन उतरला की मशीननं कोकलायचं. किती उतरल्यावर, ते एका फाइलीत असतं. जुन्या फाइलीतला आकडा चुकीचा होता, मशीन फार उशिरा जागं व्हायचं. म्हणून ऑफिसातल्या एका दादानं नवी फाइल केली. तिच्या फोल्डरच्या नावातलं पहिलं इंग्रजी अक्षर त्यानं मोठं, कॅपिटल टाकलं, मला दिलेल्या पत्त्यात मात्र लहान. त्याच्या विंडोजला दोन्ही सारखीच. पण गिऱ्हाइकाला द्यायचं सॉफ्टवेअर मी बांधते लिनक्सवर, आणि लिनक्सला ती दोन वेगळी फोल्डरं.

मी बोंब ठोकली, फाइल सापडत नाही!

साहेब तणतणत आले. "माझ्या कॉम्प्युटरवर तर चालतंय! ही बघ फाइल, ढळढळीत दिसतेय." सॉफ्टवेअर त्याच संध्याकाळी द्यायचं कबूल केलेलं.

"सर, काहीतरी गडबड आहे. उद्यापर्यंत थांबू या ना," ताई म्हणाली.

"काही नको. हिची कटकट बंद कर. नाही सापडली तर जुनी फाइल घे म्हणावं. उद्या बघू."

ताईनं मान खाली घालून तशी ओळ टाइप केली. झालं, माझं तोंड बांधलं! नंतर तिनं साहेबांना आठवण करून दिली, तर त्यांनी दुसरंच काम तिच्या गळ्यात मारलं.

आणि मग एका दवाखान्यात एका आजोबांचा ऑक्सिजन उतरत गेला. मशीन गप्प. त्यांची मुलगी शेजारच्या खुर्चीत डुलकी घेत होती, मशीन आहे ना, या भरवशावर. तिला जाग आली तेव्हा वडिलांचा हात गार पडला होता.

चौकशी झाली. ती ओळ कुणाची? टाइप ताईनं केलेली, साहेबांनी सांगितलेलं तोंडी. "मला यातलं काही ठाऊक नाही," साहेब म्हणाले. ज्यांनी ऐकलं होतं ते सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघत बसले. असा संताप आला मला! पण मला फक्त फाइलींबद्दल ओरडता येतं.

ताईची नोकरी गेली. जायच्या आधी तिनं ती ओळ काढून टाकली. "मी तेव्हाच हात आवरायला हवा होता गं," एवढंच म्हणाली.

आता तिच्या खुर्चीत नवा माणूस आहे. आज पुन्हा एक फाइल सापडत नाहीये. मी घसा फोडून ओरडतेय. साहेब त्याच्या मागे उभे आहेत, "उद्या बघू" म्हणतायत. त्याची बोटं कीबोर्डवर गेली आहेत.

अरे बाबा, नको रे टाइप करूस. कुठल्यातरी खुर्चीत कुणाची तरी मुलगी डुलकी घेतेय.