लाल काट्याचं शून्य

आपलं तोंड बंद झालं तर दुकान बंद पडेल, असं बबीला खरंच वाटायचं. म्हणून जबड्याचं ऑपरेशन ती वर्षानुवर्षं पुढे ढकलत राहिली. आता तुम्ही म्हणाल, एका पोरीच्या तोंडावर कुठलं दुकान चालतं? पण हे चालत होतं. वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान. दोन सख्खे भाऊ, एकच टेबल, एकच चहाची किटली आणि दोघांत अबोला. असातसा नव्हे, चांगला मुरलेला अबोला.

झालं होतं काय, तर भर दुकानात, गिऱ्हाईकासमोर, बबीचे बाबा धाकट्या भावाला म्हणाले होते, "तुझा काटा खोटा आहे." काटेवाल्याला याहून मोठी शिवी नाही. काकाने हातातला पाना खाली ठेवला आणि त्या दिवसापासून थोरल्याशी बोलणं सोडलं. बाबा काय कमी? त्यांनीही सोडलं. आईने थोडे दिवस इकडचे निरोप तिकडे केले आणि मग हात झटकले. "मी काय पोस्टमन आहे तुमची? वयं काय, वागणं काय!" ते काम बबीच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

"बबे, काकाला सांग, दांडी घासतेय."

काका हाताच्या अंतरावर बसलेला. बहिरा नाही, सगळं ऐकू येतंय. पण बबीने "काका, बाबा म्हणतात, दांडी घासतेय" असं म्हटल्याशिवाय त्याचा हात हलायचा नाही.

"त्यांना सांग, बघतो."

"बाबा, काका म्हणतो, बघतो."

शाळेत होती तेव्हापासून हेच. एकदा मात्र काका म्हणाला होता, "तू आहेस म्हणून मी इथे टिकलोय बघ. तू कुठे गेलीस की मीही माझं वेगळं बघीन." तेवढा निरोप बबीने बाबांना दिला नाही. स्वतःच्या छातीवर मात्र तो धोंड्यासारखा ठेवून घेतला. बाहेरगावच्या नोकऱ्या नाकारल्या, आणि जबडाही तसाच राहिला.

जबड्याचं दुखणं साधं नव्हतं. खालचा जबडा पुढे, वरचा मागे, समोरचे दात एकमेकांना भेटतच नसत. सफरचंदाला तोंड लावायची सोय नाही, सगळं दाढेने कुरतडायचं. चावताना कानापाशी कट्कन् वाजायचं आणि संध्याकाळी डोकं ठणकायचं. ओठ मिटायचे तर हनुवटी आवळावी लागायची. शेवटी आईच तिला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. "दुकान गेलं खड्ड्यात," आई म्हणाली. तिचं बोलणं असंच, पण खोटं काय होतं त्यात?

आधी तारा लागल्या. तारांचे डॉक्टर म्हणाले, "दात त्यांच्या खऱ्या जागी आणायचे तर आधी चावा आणखी बिघडेल. घाबरू नका. मग ऑपरेशनमध्ये जबडे जुळवू." आणि बिघडलाच की! वर्ष-दीड वर्ष बबीची हनुवटी जास्तच पुढे दिसत राहिली. तारा गालाच्या आतून टोचायच्या, मेण लावून झोपायचं. रोगापेक्षा औषध जालीम म्हणतात ते हेच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने बाबांना आणि काकाला वेगवेगळं गाठून सांगितलं, "जबडे रबरांनी बांधून ठेवणार आहेत. मी बोलणार नाही. निरोप नाही, लिहूनसुद्धा नाही. माझ्या हातालाही सुट्टी." दोघांनी मान डोलावली. दोघांनाही वाटलं, पोरगी भेदरलीय म्हणून असं बोलतेय.

ऑपरेशन नीट झालं. चेहरा मात्र भोपळ्याएवढा सुजला, आणि खालचा ओठ, हनुवटी सगळं बधिर. दूध ओघळून गळ्यापर्यंत आलं तरी तिला पत्ता नसायचा. दातांच्या मागे गालात सुई नसलेली सिरिंज घालून सूप सोडायचं आणि ते हळूहळू गिळायचं. ब्रश लहान बाळाचा. घर दुकानाच्या वरच. पण वर एकटीला करमेना, म्हणून ती दिवसा खाली कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत उशांना टेकून बसायची.

आणि समोर काय तमाशा! "बबे, काकाला सांग—" बाबा म्हणायचे, तिच्या तोंडाकडे बघायचे आणि ओशाळायचे. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाला सांगायला सुरुवात केली. "काट्याच्या दांडीखालच्या सुऱ्या संपत आल्यात म्हटलं, कुणीतरी आणा." काका किटलीला सांगू लागला. "आणल्यात म्हणावं, फडताळात आहेत." बबीला हसू यायचं, आणि हसलं की टाके ओढायचे. डोळ्यांतून पाणी यायचं ते दुखण्याचं की कशाचं, तिलाच कळेना. तिच्याऐवजी घड्याळ आणि किटली चाललीच की. मग इतकी वर्षं आपण कशासाठी घालवली?

जबड्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, "दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करा. थोडं उतरेल, ते चालेल. फार उतरलं तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल." त्यावर बाबा हसले होते. "काट्याचं आम्हाला सांगताय होय?"

दुकानात दाराशी एक मोठा लाल काटा होता, गोदामातून दुरुस्तीला आलेला. काकाने तो खोलून नव्याने बांधला होता आणि बाबांनी स्वतः प्रमाणाची वजनं ठेवून त्याचं शून्य लावलं होतं. बबीला त्यावर उभं करायचं, आकडा बघायचा आणि म्हणायचं, "किरकोळ उतरलंय. उत्तम!" आई म्हणायची, "काट्याकडे काय बघताय, पोरीच्या डोळ्यांकडे बघा. कपडे लोंबायला लागलेत अंगावर." बाबांचं उत्तर ठरलेलं. "काटा खोटं बोलत नाही." आणि आकडा चांगला येतोय म्हटल्यावर बबीही अर्धा पेला सूप बाजूला सारायची. मिळमिळीत सूप दिवसभर सिरिंजने ओढायचा कंटाळा कुणाला येणार नाही?

मग तपासणीचा दिवस आला. एकीकडे बाबा, दुसरीकडे काका, मधे बबी, अशी वरात दवाखान्यात पोचली. नर्सने बबीला काट्यावर उभं केलं. डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला आणि चष्मा वर केला.

"हे काय? इतकं उतरलंय? तुम्ही घरी वजन करत नव्हता?"

"करत होतो तर," बाबा म्हणाले. "तुमचा काटा चुकतोय."

"अहो, काहीतरीच काय!"

"चुकतोय. शेवटचा कधी तपासून घेतला होतात?" बाबांचा आवाज चढला. बाहेर बसलेले पेशंट माना वळवून बघू लागले. "आमच्या दुकानातला काटा आहे बाई तो. माझ्या भावाने बांधलाय. त्याच्या हातचा काटा आजवर खोटा निघालेला नाही. निघणार नाही!"

बबीने काकाकडे पाहिलं. काकाचा चेहरा असा झाला होता, जसं कुणी भर रस्त्यात त्याच्या गळ्यात पडून रडावं. ज्या एका वाक्यापायी एवढी वर्षं गेली, ते वाक्य बाबांनी चारचौघांत परत घेतलं होतं, आणि आपण काय बोललो याचा त्यांना पत्ताही नव्हता. ते पिशवीत हात घालून पितळी वजन शोधत होते. लोक छत्री बाळगतात तसं बाबा एक प्रमाणाचं वजन बाळगतात.

वजन दवाखान्याच्या काट्यावर ठेवलं. आकडा बरोब्बर. बाबांनी ते उचललं, फडक्याने पुसलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा बरोब्बर. त्यांचे कान लाल झाले.

"दादा."

बबीला आधी वाटलं, हाक कुणा दुसऱ्यानेच मारली. काकाच्या तोंडून हा शब्द तिने लहानपणी ऐकला असेल तेवढाच.

"दादा, आपलाच काटा चुकतोय. तू शून्य लावलंस, त्यानंतर मी तो परत उघडला होता. दांडीखालची सुरी अडकत होती, बदलली. शून्य तुझ्याकडून परत लावून घ्यायला हवं होतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं ना." काकाने खाली मान घातली. "किटलीला. तू बाहेर गेला होतास तेव्हा."

बाबांनी आ वासला. रागावतील असं वाटलं, पण ते मटकन बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "पोरगी उपाशी राहिली रे," ते म्हणाले. "काटेवाल्यांच्या घरात पोरगी वाळत गेली, आणि आपण दोघं..." काका त्यांच्या शेजारी जाऊन बसला. डॉक्टरीणबाई नर्सला काहीतरी सांगायला उगाचच बाहेर गेल्या.

वजन चढलं नाही तर नळी, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी आठवड्याची मुदत दिली. तो आठवडा बबी जन्मात विसरणार नाही. दोघे भाऊ स्वयंपाकघरात शिरले आणि आईला बाहेर काढलं. सूप पातळ की दाट, दुधात लोणी किती, गाळायचं एकदा की दोनदा, यावर जे कडाक्याचं भांडण जुंपलं, ते शेजाऱ्यांनीही ऐकलं. "दादा, तुला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही!" "आणि तू मोठा आचारी लागून गेलास!" प्रत्येक पेला ग्रॅमपर्यंत मोजून बबीच्या हातात यायचा आणि रिकामा होईपर्यंत दोघे समोर बसून राहायचे. बबी मुकाट्याने प्यायची. नळी टळली. वजन हळूहळू चढायला लागलं.

पण बबीच्या मनातली पाल चुकचुकायची थांबेना. हे सगळं आपलं तोंड बंद आहे तोवरच. ते उघडलं की पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणणार, बबे, काकाला सांग. आणि आपण सांगणार. सवय कुठे जाते?

रबरं काढायच्या दिवशी दोघे तिच्यासोबत आले. डॉक्टरीणबाईंनी एकेक रबर काढलं, जबडा हळूच हलवून पाहिला, आरसा दिला. बबीने ओठ मिटले. हनुवटी न आवळता ते मिटले, जन्मात पहिल्यांदा. तिने ते उघडले आणि आरशात बघत पुन्हा मिटून पाहिले.

"बोला आता काहीतरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हळूच. फार मोठा आ करू नका."

तिने तोंड उघडलं आणि तिला काही सुचेना. सगळी वाक्यं 'बाबा म्हणतात'पासून किंवा 'काका म्हणतो'पासून सुरू व्हायची. त्या दोघांपाशी आता तिच्याकडे द्यायला निरोपच नव्हता. दोघे शेजारी शेजारी उभे होते, तिच्या तोंडाकडे डोळे लावून. बधिर ओठ जड वाटत होता. तिला सूप नको होतं, दूध नको होतं. दुकानात परत जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचंही नव्हतं.

"बाहेरगावी," ती अडखळत म्हणाली, "नोकरीला जायचंय."

"कोण म्हणतं?" जुन्या सवयीने काकाने विचारलं.

बबीने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"मी," ती म्हणाली. "मी म्हणतेय."